परातीतली नर्गिस

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी मी आईला पाडलं. कोणी विचारलं तर ती सांगते, गाडी घसरली. पण गाडी मी चालवत होते.

विहारातून वंदना करून आम्ही दोघी स्कूटरवरून घरी येत होतो. तिच्या अंगावर पांढरी साडी, मांडीवर खिरीचा डबा. वारज्याच्या पुलाखालून वळतो तिथे रस्ता खोदून ठेवला होता आणि कडेला बारीक खडी पसरली होती. वेग म्हणाल तर सायकलचा. पुढचं चाक सरकलं, मी एका पायावर सावरले आणि आई मागच्या मागे गेली. डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं, तिच्या नव्हतं. अंबाडा दबतो म्हणून ती घालायची नाही, आणि मीही कधी आग्रह धरला नाही.

दोन दिवस रुग्णालयात ठेवलं. स्कॅनमध्ये थोडा रक्तस्राव दिसला. तो आपोआप जिरेल म्हणाले, आणि जिरला. उलट्या थांबल्या, चक्कर गेली. तिसऱ्या आठवड्यात ती ओट्यापाशी उभी राहिली तेव्हा मला वाटलं, थोडक्यात सुटलो.

तिनं तेल तापवलं, मोहरी तडतडू दिली, हिंग घातला. मग हिंगाची डबी नाकाशी धरली.

"हिंग जुना झाला काय गं? वासच नाही याला."

मी बाहेरच्या खोलीत होते. फोडणीचा वास माझ्यापर्यंत आला होता.

तिनं लसणाची पाकळी ठेचून हुंगली. मग खोबरेल तेल. मग चहाची पूड. मग वाकून मोरीतली फिनेलची बाटली काढली. मी दारात उभी राहून बघत होते, आणि ती घरातली एकेक वस्तू नाकाशी नेऊन परत ठेवत होती. शेवटी तिनं गॅस बंद केला.

"बेटा, मला काहीच येऊन नाही राहिलं."

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नाकाच्या वरच्या टोकाला कोथिंबिरीच्या मुळांसारखे बारीक तंतू असतात, ते हाडाच्या चाळणीतून वर मेंदूत जातात. डोकं मागून आपटलं की मेंदू हलतो आणि ते तंतू तुटतात.

"परत येतात का?" मी विचारलं.

"काहींचे येतात. वर्षभर वाट बघू. त्यानंतर मी तुम्हाला आशा दाखवणार नाही."

त्यांनी एक व्यायाम दिला. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, चार डब्यांत ठेवायचे आणि रोज दोन वेळा हुंगायचे. हुंगताना तो वास मनात आठवायचा. मी औषधाच्या दुकानातून छोट्या डब्या आणल्या, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या.

हे दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर एवढं वाटलं नसतं, असं मी म्हणणार नाही. पण माझी आई काळा मसाला करायची. वर्ध्याला असताना घरापुरता करायची. वडील गेले, मला खराडीत नोकरी लागली आणि आम्ही दोघी पुण्याला आलो, तेव्हा मी डब्यात नेलेली भाजी खाऊन ऑफिसातल्या बायकांनी मसाला मागितला. त्यांच्याकडून त्यांच्या नणंदांनी, शेजारणींनी. माझं लग्न झालं नाही, ओळखी फारशा झाल्या नाहीत. पण आईला मात्र कोथरूडपासून हडपसरपर्यंत माणसं ओळखायची. घड्याळ लावून तिनं कधी काही भाजलं नाही. पाठ फिरवून तीळ निवडत बसायची, आणि मध्येच म्हणायची, "झाले धणे." उठून कढई उतरवायची. दगडफूल आणि नागकेशर तर ती तव्यावर टाकायची आणि श्वासाच्या अंतरानं काढायची.

पडल्यानंतर दोन महिन्यांनी तिनं एक घाणा केला. मी घरी नव्हते. कोथरूडच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला, तो मीच घेतला.

"अहो, आईंना सांगा, मसाला मिळाला. कोळसा आम्ही वेगळा मागितला नव्हता."

मी आईला नेमकं काय ते सांगितलं नाही. पण तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, कढई घासून पुसून माळ्यावर ठेवायला दिली, आणि त्यानंतर घरात मसाला भाजला गेला नाही.

जेवणाचंही तसंच झालं. वासाबरोबर चव गेली. खारट, गोड, तिखट एवढं जिभेला कळायचं, पण वांगं आणि बटाटा तिला सारखाच. मग ती दातांखाली वाजेल तेवढंच खायला लागली. काकडी, मुळा, सफरचंद. मी सफरचंदं आणून फ्रिज भरून ठेवायचे. आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्या चार डब्या.

"रिकाम्या डब्या हुंगायला लावून राहिली तू मला," ती म्हणायची. पण हुंगायची. माझ्यासाठी.

दिवाळीच्या आधी ऑफिसात हे सगळं मी एका सहकारी मुलीपुढे बोलले. ती श्रीनगरची. तिच्या घरी हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो, तेव्हा खिडकीत वाडग्यात नर्गिसच्या पांढऱ्या फुलांचे कंद पाण्यावर ठेवतात. सगळं बंद असताना घरात वास येतो. "इतना तेज़ होता है दीदी, सोये हुए को उठा दे," असं ती म्हणाली. सुट्टीवरून येताना तिनं माझ्यासाठी कागदी पिशवीतून कंद आणले. नर्गिसचे दहा आणि जांभळट सालीचे चार मोठे. ते चार म्हणजे सुंबुल, इंग्रजीत हायसिंथ. त्यांचा वास आणखी गोड, पण त्यांना आधी थंडी लागते. तुमच्या पुण्यात कुठली थंडी, म्हणून दोन-अडीच महिने फ्रिजमध्ये ठेवायचे.

आईनं सगळे कंद परातीत ओतले आणि कांद्यासारखे दाबून बघितले. सुंबुलच्या सालींनी तिची बोटं खाजली. "लाल कांद्याचे भाऊच आहेत," म्हणाली. किती दिवसांनी ती स्वतःहून काहीतरी बोलली होती. सुंबुल मी कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवले.

नर्गिसला माती नको, नुसते गोटे आणि पाणी. गोटे विकतही मिळतात, पण आई म्हणाली, "दगड कोणी विकत घेते काय?" म्हणून एका रविवारी आम्ही खडकवासल्याला गेलो, बसनं. स्कूटर मी विकून टाकली होती. धरणाच्या कडेला ती पदर खोचून वाकली आणि हाताच्या पेराएवढे गुळगुळीत गोटे वेचू लागली. मी दोन कणसं भाजून घेतली. लिंबू-मीठ चोळलेलं कणीस तिनं निम्मं खाल्लं.

"कसं आहे?"

"गरम आहे," ती म्हणाली.

पसरट स्टीलच्या परातीत, जिच्यात ती पूर्वी मसाला गार करायला पसरायची, तिनं गोटे रचले, त्यांत दहा कंद बसवले आणि बुडाला लागेल एवढंच पाणी घातलं. परात पूर्वेच्या खिडकीत ठेवली. आठवड्याभरात पांढरी मुळं गोट्यांमधून उतरली. मग हिरवे कोंब. रोज सकाळी चहा ठेवण्याआधी ती परात थोडी फिरवायची, नाहीतर सगळे दांडे उजेडाकडे झुकायचे. पुण्याची थंडी रात्रीपुरती. दिवसा ऊन तापतं, म्हणून दांडे उंच आणि लेचेपेचे झाले. तिनं जुन्या साडीचा काठ फाडून त्यांना सैल बांधलं. मी कामावर असताना दुपारी तिचे फोन यायला लागले. "आज एक कळी फुगली." "आज दुसरी." त्याआधी सहा महिने तिनं मला फोन केला नव्हता.

जानेवारीच्या सुरुवातीला मी एका संध्याकाळी घरी आले. दार उघडलं आणि तिथेच थांबले. वास अंगावर आला. गोड, दाट, त्यात थोडं जनावराच्या अंगासारखं काहीतरी. मी डोळे मिटून श्वास घेतला. परातीत पाच-सहा पांढरे झुबके उघडले होते आणि आई शेजारी खुर्चीवर बसली होती.

"येऊन राहिला न वास," ती म्हणाली.

मी चपलाही काढल्या नाहीत. "तुला येतोय?"

"थोडा थोडा. लांबून आल्यासारखा."

मी तिच्या गुडघ्यांपाशी बसून रडले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काऊन रडून राहिली? झालं न आता."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चांगलं आहे, व्यायाम सोडू नका. श्रीनगरच्या मुलीला मी ऑफिसात मिठीच मारली. समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त बाईंना मात्र वास सोसेना. "अहो, ड्रेनेज तुंबलंय, की तुमची फुलं उमलली आहेत?" असं त्यांनी जिन्यात विचारलं. मी हसले. तेव्हा मला काहीही सांगितलं असतं तरी मी हसले असते.

आणि मी एक चूक केली. मसाल्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवला की आई बरी आहे, मसाला पुन्हा सुरू होतोय. आईला न विचारता. संध्याकाळी तिला सांगितलं, तेव्हा ती परातीतले दांडे उगाच पुन्हा बांधत बसली. मग म्हणाली, "कढई काढून दे."

त्याच आठवड्यात मला ऑफिसच्या कामासाठी पाच दिवस बेंगळुरूला जावं लागलं. रोज फोन व्हायचा. मसाला झाला म्हणाली. फुलं अजून आहेत म्हणाली.

शनिवारी सकाळी मी परत आले. जिन्यातच मला कुजकट वास आला. वाटलं, कचरा उचलला नसेल. माझ्या किल्लीनं लॅच उघडून दार ढकललं आणि नाकाला रुमाल लावला. मेलेल्या उंदरासारखा, सडलेल्या कांद्यासारखा वास सगळ्या घरात भरला होता. खिडक्या बंद होत्या. थंडी आत येऊ नये म्हणून. आई परातीशेजारी बसून टाचलेल्या पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. दांडे काठानं बांधलेले उभे होते, फुलं कडांनी तपकिरी झाली होती. गोट्यांखाली पाणी दुधट आणि चिकट झालं होतं आणि कंद बुडातून विरघळले होते.

तिनं वर बघितलं. चेहरा प्रसन्न होता.

"बघ, तुझ्यासाठी टिकवली. पाण्यात साखर टाकली होती, फुलं राहते म्हणतात. अजून किती छान वास आहे न?"

मी रुमाल खाली घेतला. पण तोवर तिनं बघितलं होतं.

मग मी आत जाऊन एकेक खिडकी उघडली. परत आले तेव्हा ती परातीकडे बघत होती.

"घाण येऊन राहिली काय?" तिनं विचारलं.

"हो."

"खूप?"

"हो, आई."

"मी दार उघडलं तेव्हा समोरची बाई नाक धरून गेली. मला वाटलं, तिला आवडत नाही न हा वास."

मी तिच्यासमोर खाली बसले. "एकदाही आला नव्हता?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग त्या दिवशी तुला कसं कळलं, वास सुटलाय ते?"

"तू दारात उभी राहिली न. डोळे मिटले. किती महिन्यांनी तुझं तोंड असं मोकळं दिसलं. मला समजलं, फुलांना वास आला असेल." ती पदरानं हात पुसू लागली, हात कोरडेच होते. "तू गाडी विकली. जेवताना माझ्या ताटाकडे बघत बसते. कोणी आलं की मीच पाडलं, मीच पाडलं म्हणते. म्हटलं, एवढं बोलल्यानं पोरगी सुटत असेल तर सुटू दे."

मला तिचा राग आला, हे लिहायला हवं. मी म्हणाले, "आणि मसाला? लोकांना काय द्यायचं?" असं म्हणायची ती वेळ नव्हती.

तिनं पिशव्या माझ्याकडे सरकवल्या. "तूच बघ."

मी एक उघडली. रंग बरोबर होता, काळपट तपकिरी. पण चिमूटभर जिभेवर ठेवला, तर कच्चट लागला आणि मागून जळक्या खोबऱ्याची कडवट चव आली. मी पिशवीचं तोंड दुमडलं आणि तिनं पिशव्या एकेक करून परत मागून घेतल्या. दुपारी मी सगळ्यांना कळवलं की मसाला होणार नाही. एका बाईंनी "काळजी घ्या" असं लिहिलं. बाकीच्यांनी तेही नाही.

कंद मी कचऱ्यात टाकले. गोटे उकळून घेतले तरी वास गेला नाही, म्हणून तेही टाकले. फ्रिजमधले सुंबुल राहिले होते. महिनाअखेरीला ते काढले आणि कुंडीत लावले. मला वाटतं, फक्त टाकून द्यायचा धीर होत नव्हता म्हणून. पानं आली, आखूड आणि जाड. त्यांच्या मधोमध फुलांचा तुरा होता, पण वाळलेल्या मिरचीच्या देठासारखा, तपकिरी. तो तिथेच बसून राहिला. श्रीनगरच्या मुलीला फोटो दाखवला, तर तिनं विचारलं, "फ्रिज में सेब रखे थे क्या?" सफरचंदं पिकताना जो वायू सोडतात, त्यानं आतल्या आत कळी मरते. हे तिनं आधी सांगायचं राहून गेलं होतं. मी आईला हे सांगितलं नाही. ती तेव्हाही रोज एक सफरचंद खायची, दातांखाली वाजतं म्हणून.

वर्ष झालं तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटायला सांगून तिच्या नाकाखाली एकेक बाटली धरली. ती प्रत्येकीला "नाही" म्हणाली. आता तिला खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "आपण आता हे सोडून देऊ. घरात गॅसचा अलार्म बसवून घ्या. शिळं अन्न तारीख लिहून ठेवत जा." आईनं त्यांना नमस्कार केला. रिक्षात म्हणाली, "चांगला माणूस आहे. साफ सांगते."

त्यानंतर मला एक कल्पना सुचली आणि मी तिला पुन्हा त्रास दिला. म्हटलं, तुला मसाला येतो आणि मला वास येतो; तू सांग, मी भाजते. एका रविवारी आम्ही बसलो. मी कढईत धणे घातले आणि उलथन्यानं हलवू लागले. ती स्टुलावर बसली होती.

"आता कसा येऊन राहिला?"

"चांगला."

"चांगला म्हणजे कसा बेटा? कच्च्या लाकडासारखा की शेंगदाण्याच्या सालीसारखा?"

मी हुंगलं. "माहीत नाही. धण्यांसारखा."

"ओल्या गवताचा वास गेला काय त्यातून?"

"गवताचा होता?"

तिनं ओठ घट्ट मिटले. मी पुन्हा वाकले. नाकात वाफ गेली, डोळ्यांतून पाणी आलं. माझं नाक शाबूत होतं आणि त्याला काही कळत नव्हतं. एवढी वर्षं मी त्या घरात राहिले, तो मसाला खाल्ला, त्याचा वास कपड्यांतून ऑफिसात नेला, आणि तो कशानं बनतो हे मी एकदाही उभं राहून शिकले नव्हते. धणे काळे पडायला लागले. ते मात्र तिला डोळ्यांनी दिसलं.

"उतरव," ती म्हणाली. "राहू दे आता. तुझ्यानं होत नाही, माझ्यानंही नाही."

ती रागावली नव्हती. मी पुन्हा एकदा करून बघू म्हणाले, तेव्हा तिनं माझ्या हातातलं उलथनं घेतलं आणि बेसिनमध्ये ठेवलं. त्या रविवारनंतर तो विषय घरात निघाला नाही. मसाला आता मी दुकानातून आणते. आई त्याबद्दल बरंवाईट काही बोलत नाही. तिला तो सारखाच.

ती बारीक झाली आहे. विहारात जाते ते रिक्षानं, आणि पूर्वी बायकांच्या घोळक्यात मधोमध बसायची, ती आता भिंतीपाशी, थोडं अंतर ठेवून बसते. का, हे मला बरेच दिवस कळलं नाही. एका सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा तिनं मला दारात थांबवलं. अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून उभी होती.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"माझ्या अंगाला वास तर नाही न येत?"

ती दोनदा अंघोळ करते हे मी पाहिलं होतं, उन्हाळा म्हणून करत असेल असं समजले होते. ती म्हणाली, "मला कळत नाही न. लोक सांगणार नाही. तूच सांगायला पाहिजे."

तेव्हापासून रोज सकाळी निघण्याआधी मी तिच्याजवळ जाते. ती मान थोडी वळवून उभी राहते, तपासायला दिल्यासारखी. मी मानेपाशी नाक नेते. साबणाचा वास असतो, कधी पावडरचा. "नाही येत," मी सांगते. ती माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेते, आणि मग दार लावते.